श्लोक माझा, मानधन कुणाचं?

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या ऑक्टोबरात पुण्यातल्या समारंभात आपल्या स्वागताचा संस्कृत श्लोक म्हणणारी बाई मीच. अनुष्टुभ छंदातला होता, चारही चरण माझे. आपण खूश होऊन माइकवरून म्हणालात, तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरते पैसे मिळणाऱ्या, प्राध्यापकांचं मानधन दिवाळीआधी जमा होईल. टाळ्या मीही वाजवल्या. आपल्याला शाल-श्रीफळ मिळालं, मला गुलाबाचं फूल. दिवाळी गेली, संक्रांतही गेली. काल कार्यालयात चौकशीला गेले, तर मान वर न करता उत्तर आलं, "मॅडम, फाईल वर आहे." ७ महिने वरच आहे. मुलाच्या क्लासची फी भावाकडून घेतली. चाळिशीनंतर भावापुढे हात पसरणं काय असतं, ते आपल्याला ठाऊक नसावं. नसूच दे.

भाषणात आपण 'विद्येचं माहेरघर' म्हणालात. मग माहेरची हकिगत ऐकाच. पेशवे श्रावणात पर्वतीच्या रमण्यात विद्वानांना दक्षिणा वाटत. १८१८ साली राज्य गेलं आणि तीनच वर्षांत, १८२१ मध्ये, त्याच दक्षिणेच्या पैशातून एल्फिन्स्टनच्या सरकारने विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. विद्याप्रेम थोडं, पुण्यातले शास्त्री बिथरू नयेत ही काळजी जास्त. पण शास्त्र्यांना पगार होता हो! १८४९ मध्ये लोकहितवादी आणि मंडळींनी अर्ज केला, की दक्षिणेतला काही पैसा मराठी ग्रंथांना द्या. शहरात केवढा गहजब झाला, तरी गोऱ्या साहेबाने अर्ज वाचला. माझे तीन अर्ज कुणी उघडले तरी का?

पाठशाळेचं पुढे पूना कॉलेज झालं, त्याचं डेक्कन कॉलेज, आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या दगडी इमारतीत गेलं. टिळक-आगरकर तिथलेच. १९३४ मध्ये सरकारने ते बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, म्हणून १९३९ मध्ये पुन्हा उघडलं. आता मलाही वकील गाठायचा का? फी तासाप्रमाणेच घेतात म्हणे.

त्याच डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या महाशब्दकोशाचं काम चालू आहे. शब्दनोंदींच्या कोटभर चिठ्ठ्या, खंडांमागून खंड, आणि गाडी अजून 'अ'वरच. त्या 'अ'ला मी हात जोडते, कारण प्रत्येक शब्दाचा हजारो वर्षांचा माग काढायचा असतो. आपल्या फाइलीत कुठला माग काढताय?

कुणाचंही सरकार येवो, तऱ्हा हीच. जागा भरायच्या नाहीत, माणूस निवृत्त झाला की पद गोठवायचं, वर्ग आमच्यासारख्यांच्या गळ्यात घालायचे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले, चौकाचौकांत फ्लेक्स लागले. फ्लेक्सवाल्याचं बिल थकलं असं काही कानावर आलं नाही. वाड्यांना रंग मिळतो, दिवे मिळतात; वाड्यात शिकवणारा मात्र तासावर.

मागणं एवढंच: थकलेलं मानधन द्या, आणि रिकाम्या जागांच्या जाहिरातीची तारीख लेखी कळवा.

पुढच्या समारंभाला श्लोक लागणार असेल तर आठवडाभर आधी सांगा. अनुष्टुभ एका तासात होतो, शार्दूलविक्रीडित हा लांब चरणांचा छंद, त्याला दोन तास लावीन. बिल सोबत जोडीन.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक संस्कृत शिक्षिका
धायरी, पुणे