दादाच्या गोळ्या आणि आषाढी

मेलबर्न, ८ जून

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

दादाचा रिपोर्ट पाहिला. मूडच्या आजारावर तो घेतो त्या लिथियमच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण ०.७, म्हणजे हवं तिथेच आहे. पण रक्त किती वाजता दिलं? रात्री नऊला गोळी घेतली, तर रक्त सकाळी नऊला, बारा तास मोजून. उपाशी जायची गरज नाही. लॅबवाल्याला एवढं आवर्जून सांगा, की लिथियम हेपॅरिनची ट्यूब नको. ती बहुधा हिरव्या टोपणाची असते. तिच्यातल्याच लिथियममुळे आकडा उगाच चढतो आणि चांगला बसलेला डोस कमी होऊन बसतो.

खरी काळजी आषाढीची वाटते. मूत्रपिंडाला मीठ आणि लिथियम जवळजवळ सारखंच. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की ते मीठ धरून ठेवतं, सोबत लिथियमही. म्हणून निर्जळी नको आणि अळणीही नको. सैंधव घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि रोजच्याइतकं पाणी, अशी एकादशी खुशाल करू द्या. सैंधवही शेवटी मीठच. चालून गुडघे धरले तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अजिबात नाही, त्यानेही लिथियम साठतं. पॅरासिटॅमॉल चालेल. बीपीची गोळी कुणी बदलली, तर आधी लिथियमचं सांगायचं.

बोटं किंचित थरथरली तर घाबरू नका. पण उलट्या-जुलाब, हाताला जोराचा कंप, जीभ जड, चालताना झोक जाणं, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी देऊ नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

‘बरा आहे, आता गोळ्या कशाला’ असं तो म्हणेलच. बरा आहे तो गोळ्यांमुळे. एकदम सोडल्या तर मेनिया, म्हणजे अतिउत्साहाचा झटका, उसळून येतो. तीन तास झोपूनही ताजातवाना, रात्री दोनला माळा आवरायला काढलाय, असं दोन रात्री दिसलं की डॉक्टरांना फोन करा. उदास वाटलं म्हणून नुसती डिप्रेशनची गोळी कुणाकडूनही आणू नका, त्यानेही मेनिया उसळू शकतो. जगणं नकोसं झाल्याचं बोलला तर क्षणभरही एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आईला सांगा, ही गुंगीची गोळी नव्हे. ती लिथियमचा एक क्षार आहे, आणि मेनियावर तो लागू पडतो हे मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये इथेच, मेलबर्नच्या बुंडूरा भागात दाखवलं.

थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), कॅल्शियम यांची तपासणी दर सहा महिन्यांनी लागते. मागचं कधी झालं ते कळवा.

तुमचा,
धाकटा दीर