नाळ लाओसच्या डोंगरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांना तिथे दिवस खायला उठतो, अशी पत्रं आपल्या सदरात गेले काही आठवडे येत आहेत. त्यांत खोटं काही नाही. मी वाईहून लेकीच्या बाळंतपणासाठी मिनेसोटातल्या सेंट पॉलला पहिल्यांदा आले, तेव्हा महिनाभर खिडकीतून बर्फच बघत होते. पण आज लिहायचं आहे ते आमच्या शेजारच्या आजींबद्दल. गेल्या महिन्यात त्या गेल्या. इथली आपली काही माणसं त्यांना 'ती चिनी म्हातारी' म्हणत. तेव्हाही मला ते लागायचं, आता जास्तच लागतं.

त्या चिनी नव्हत्या, ह्मोंग होत्या, आग्नेय आशियातल्या डोंगरी जमातीच्या. (बोलताना 'मोंग' म्हणायचं.) थायलंडशेजारच्या लाओस देशात, शिएंग ख्वांग प्रांतातल्या डोंगरात जन्मलेल्या. मुलाची मुलं आजीला 'पॉ' म्हणतात, म्हणून मीही पॉच म्हणायला लागले.

आमची ओळख झाली गार पाण्यावरून. बाळ बघायला त्या आल्या, तेव्हा माझी लेक बर्फ घातलेलं पाणी पीत बसली होती. इथे दवाखान्यातसुद्धा बाळंतिणीला तेच देतात. पॉंनी एक शब्द न बोलता तो पेला तिच्या हातातून काढून घेतला, मोरीत ओतला आणि माझ्याकडे बघितलं. आठ दिवस मी कंठशोष करून जे सांगत होते ते या बाईंनी एका झटक्यात केलं! त्यांच्यात बाळंतिणीला महिनाभर गरम भात आणि औषधी पाला घालून उकळलेली कोंबडी, बाकी काही नाही. थंड पाण्याला तर हातही लावू द्यायचा नाही. आमच्याकडे डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर. मी माळकरी आहे हे समजल्यावर त्या माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात नुसता भोपळा उकडून ठेवायच्या आणि कुंपणापाशी येऊन हाक मारायच्या, "लॉ नॉ मॉ!" म्हणजे या, जेवायला.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला ह्मोंग येत नव्हतं. बारा वर्षांची नात मध्ये बसून सांगायची, तेव्हा हळूहळू सगळं समजलं. त्यांची जन्मतारीख कागदावर 1 जानेवारी. खरी कोणालाच माहीत नाही, भात कापणीचे दिवस होते एवढंच. नवरा ह्मोंगांचे सेनापती जनरल वांग पाओ यांच्या फौजेत. अमेरिकेने लाओसमध्ये कम्युनिस्टांविरुद्ध जे गुप्त युद्ध चालवलं, त्यात जमिनीवर लढायला ही डोंगरातली माणसं होती आणि वरून अमेरिकेची विमानं बॉम्ब टाकत होती. 1964 ते 1973 या काळात त्या एवढ्याशा देशावर 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले. शेवटी कम्युनिस्ट जिंकू लागले, तेव्हा 1975 च्या मे महिन्यात सेनापतीला आणि काही हजार लोकांना विमानाने थायलंडला नेलं. बाकीचे मागे राहिले. पॉ त्या मागे राहिलेल्यांतल्या.

जंगलातून रात्रीचं चालायचं आणि दिवसा लपायचं. लहान मुलं रडली तर सैनिकांना चाहूल लागेल, म्हणून आया त्यांना अफूची मात्रा द्यायच्या. थायलंडच्या सीमेवरची मेकाँग नदी ओलांडताना पॉंनी धाकट्या मुलीला दिली, ती जास्त झाली. पैलतीरावर पोर उठलीच नाही. हे सांगताना त्या काळ्या कापडावर लाल दोऱ्याने टाके घालत होत्या. नात बोलता बोलता थांबली. पॉंची सुई मात्र थांबली नाही, टाके तसेच, एकासारखा एक.

त्या भरतकामाला पा न्दाऊ म्हणतात, फुलांचं कापड. थायलंडच्या बान विनाय छावणीत बायकांनी त्यावर पळापळीच्या गोष्टी भरायला सुरुवात केली. त्या विकून पॉंनी मुलांना खाऊ घातलं. 1980 मध्ये सगळे इथे आले, उणे वीस अंशांच्या थंडीत. नवरा पुढे कारखान्यात रात्रपाळी करायचा. 2000 साली कायदा झाला आणि त्या सैनिकांना व त्यांच्या बायकांना दुभाषा घेऊन नागरिकत्वाची परीक्षा देता आली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या पॉ ती पास झाल्या. मी 31 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे त्या उत्तीर्ण होण्याची किंमत मला कळते.

उन्हाळ्यात भाड्याच्या जमिनीवर काकडी, मिरची, गवती चहा, मोहरीचा पाला पिकवून त्या बाजारात विकायच्या. सेंट पॉलला येणाऱ्या आपल्या मंडळींना एकच सांगते, त्या बाजारातल्या म्हाताऱ्यांशी घासाघीस करू नका. त्यातून नातवंडांच्या फिया भरल्या जातात. पॉंना एकतीस नातवंडं. कोणाला काय आवडतं, कोणाला कशाची भीती वाटते, सगळं तोंडपाठ.

आणि देवधर्म. मधल्या खोलीच्या भिंतीवर सोनेरी-रुपेरी कागदाचं देवस्थान, पूर्वजांचं. दोन मुलं ख्रिस्ती झाली, रविवारी चर्चला जातात. पॉंनी कधी भांडण काढलं नाही. ते परत येईपर्यंत भात तयार ठेवायच्या. मार्चमध्ये मी बर्फावर घसरले, मनगट मोडलं, आणि नंतर कित्येक दिवस झोप येईना. पॉंनी नातीकरवी निरोप दिला, घाबरून तुमचा जीव तिथेच रस्त्यावर राहिलाय, त्याला बोलवायला हवं. त्याला ते 'हू प्ली' म्हणतात. दाराशी उदबत्ती, वाटीभर तांदळावर अंडं, आणि पॉ उघड्या दारातून बाहेर बघत लांब सुरात हाका मारत होत्या, माझ्या नावाने. कोंबडी मात्र त्या दिवशी माझ्यासाठी वगळली. शेवटी चांगल्या हाताला पांढरा दोरा बांधला. मी दृष्ट काढणाऱ्या घरातली, मला यात परकं काही वाटलं नाही. त्या रात्री झोप लागली.

त्यांचा अंत्यविधी तीन दिवस, तीन रात्री चालला. केंग नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य आणि ढोल. थोरला मुलगा चर्चला जाणारा, पण आईचं आईच्या रीतीनेच व्हावं असं त्यानेच ठरवलं आणि तिन्ही रात्री तो तिथे बसून राहिला. याबद्दल मला त्याचं फार मोठेपण वाटतं.

आपण म्हणतो, जिथे नाळ पुरली तिथे जीव ओढ घेतो. त्यांच्यात बाळामागून पडणारी वार पुरतात, मुलीची असेल तर आईबापांच्या पलंगाखाली, आणि त्या वारेला शब्दच 'अंगरखा' असा आहे. मेल्यावर जीव जिथे जिथे राहिला ती सगळी गावं उलट्या क्रमाने चालत जातो, तो अंगरखा घालतो आणि मग पूर्वजांकडे जातो. एक गृहस्थ ही वाट गाऊन दाखवतात. प्रत्येक ठिकाणी वापरलेल्या पाण्याचे, जाळलेल्या लाकडाचे आभार मानायचे आणि पुढे व्हायचं. नात माझ्या कानाशी कुजबुजत होती. आधी आमचा रस्ता आला. मग बान विनाय, मग मेकाँग. त्यापुढची डोंगरातली गावं तिने कधी ऐकलीच नव्हती. मला सांगायचं सोडून ती आपल्या तळहातावर पेनाने एकेक नाव लिहून घ्यायला लागली.

आपली,
एक नियमित वाचक, वाई
(सध्या मुक्काम सेंट पॉल, मिनेसोटा)