आरोपींच्या आधी कागद ताब्यात हवेत

युद्ध संपले की युद्धगुन्ह्यांचा खटला कुठे चालवायचा, न्यायाधीश कोणत्या देशांचे नेमायचे, फाशी द्यायची की नाही, यावर चर्चा रंगते. पुराव्याच्या कागदावर क्रमांक कोण टाकणार, हे कोणी विचारत नाही. खटले मात्र अशाच ठिकाणी अडतात.

पहिल्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी सुमारे ९०० नावांची यादी जर्मनीपुढे ठेवली. आरोपी ताब्यात नव्हते. जर्मनीने ते देण्यास नकार दिला. यादी घटून ४५ वर आली आणि १९२१ मध्ये लाइपझिगच्या जर्मन न्यायालयात १२ जणांवर खटला चालून दोषी ठरले फक्त ६. पुढच्या वेळी, दुसरे महायुद्ध ऐन भरात असतानाच, ऑक्टोबर १९४३ मध्ये, लंडनला युद्धगुन्हे आयोग नेमला गेला. भारतही त्याचा सदस्य होता.

तरी युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्याला घाई नडलीच. आरोपपत्रात जर्मन शस्त्र कारखानदार गुस्ताव क्रुप यांचे नाव घातले गेले. ते अंथरुणाला खिळलेले, बुद्धिभ्रंश झालेले. कारखान्याची सूत्रे १९४३ पासून मुलाकडे. न्यायालयाने गैरहजेरीत खटला चालवू दिला नाही आणि ऐनवेळी मुलाचे नाव घालायलाही नकार दिला. नावांची छाननी करायला एक जाणता कारकून पुरला असता!

कागदांचे काम मात्र चोख होते. जप्त कागदांना क्रमांक दिले गेले आणि ते कसे हाती आले, कसे हाताळले, याचे प्रतिज्ञापत्र न्यायालयात सुरुवातीलाच दाखल झाले. भाषांतर तेवढे मागे पडले. बचावाच्या वकिलांना जर्मन प्रती वेळेवर मिळेनात. मग कागदाचा जेवढा भाग न्यायालयात मोठ्याने वाचला जाईल तेवढाच पुरावा, असे ठरले आणि दिवसच्या दिवस वाचनात गेले.

आता कागदाच्या जोडीला मोबाइलचे चित्रण आले. ते फॉरवर्ड होत आले की कधी, कुठे, कोणी टिपले ही मूळ माहिती बहुधा गळून पडते. म्हणून ज्या फोनवर टिपले त्यातली मूळ फाइलच घ्यावी. साक्षीदारांचेही तसेच. एकाच बाईला पाच संस्थांनी पाच वेळा विचारले की तपशिलात थोडा थोडा फरक पडतो आणि उलटतपासणीत तेच पाच कागद शेजारी शेजारी मांडले जातात. पहिल्या भेटीत नाव, संपर्क आणि काय पाहिले ते दोन ओळींत, एवढेच टिपावे. पूर्ण जबाब प्रशिक्षित तपासनिसाने एकदाच घ्यावा.

सर्वांत अवघड काम वरच्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचण्याचे. सामूहिक कबर गुन्हा दाखवते, हुकूम दाखवत नाही. अधिकाऱ्याला माहिती होती किंवा असायला हवी होती, रोखण्याचा अधिकार होता, तरी त्याने रोखले नाही की शिक्षाही केली नाही, हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी रोजचे हुकूम, इंधनाच्या पावत्या, सैनिकांना दिलेल्या शिक्षांची नोंदवही हवी. माघार घेणारे सैन्य नेमके हेच आधी जाळते. पण पावतीला दुसरी प्रत असते, ती दुसऱ्या कार्यालयात. त्यामुळे पुरावे गोळा करायला शहरात शिरणाऱ्या पथकाच्या यादीत लष्करी मुख्यालयाबरोबर रेल्वेचे मालवाहतूक कार्यालय, कोषागार आणि इंधनडेपोही पहिल्याच दिवशी असायला हवेत.