डिस्चार्ज कार्ड मिळालं

लेस्टर, इंग्लंड
१८ ऑक्टोबर

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार.

सोनूच्या वेळी सिझर झालं त्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो मिळाला. सोनूच्या बारशाच्या टोपड्याखाली पेटीत जपून ठेवलं होतंस म्हणून सापडलं, माझ्याकडे असतं तर केव्हाच हरवलं असतं. मंगळवारी इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी फोटो मोठा केला आणि चार अक्षरांवर बोट ठेवलं, एल.एस.सी.एस. म्हणजे छेद गर्भपिशवीच्या खालच्या भागात, आडवा. त्यांना एवढंच हवं होतं. माझ्या पोटावरचा टाका आडवा आहे, पण आत पिशवी कशी कापली ते बाहेरून कळत नाही. वरच्या भागात उभा छेद असता तर त्यांनी या खेपेला नॉर्मल बाळंतपणाचा विषयच काढू दिला नसता.

परवा फोनवर तू रडलीस. "एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच, कळांनी टाका उकलला तर मी काय करू इथं बसून?" नाना शेजारी होते म्हणून मला नीट बोलता आलं नाही. म्हणून हे सगळं लिहून काढतेय. त्यांनाही वाचून दाखव.

टाका उकलण्याची भीती खोटी नाही. डॉक्टरांनीही ती लपवली नाही. कळा आपसूक सुरू झाल्या तर २०० बायकांत साधारण एकीच्या बाबतीत तसं होतं. झालं तर बाळाला आणि मला दोघांनाही धोका, आणि तातडीने पोट उघडावं लागतं. तारीख ठरवून सिझर केलं तर ही भीती जवळजवळ राहत नाही, हेही त्यांनी सांगितलं. दुसरी बाजू अशी की प्रयत्न करणाऱ्या चौघींपैकी साधारण तिघी नॉर्मल बाळंत होतात. आणि प्रत्येक सिझरनंतर पुढच्या खेपेला बाळाची वार जुन्या टाक्यात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो.

आई, सोनूचं सिझर माझी ताकद कमी पडली म्हणून झालं नव्हतं. तो पायाळू होता. कार्डावर 'ब्रीच' लिहिलंय ते तेच. आजीची पाठ धरली की ती त्याला उसण काढायला लाथ मारायला लावते, तेव्हा तुम्ही सगळे किती कौतुकाने बघता! हे बाळ मात्र डोकं खाली करून आहे. इथल्या सुईणबाईंनी माझाच हात धरून ओटीपोटावर दाबून दाखवला. बेलफळासारखं टणक, गोल डोकं लागलं हाताला. मी तो हात बराच वेळ काढलाच नाही.

तुला कधी सांगितलं नाही, पण त्या रात्री जळगावला मला आत नेताना कुणी काहीच समजावलं नव्हतं. ट्रॉलीवर पडल्या पडल्या कागदावर सही घेतली. सिझर चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, पण माझ्या अंगाचं काय होणार हे मला कुणी विचारलं नाही, ते अजून सलतं. या वेळी सगळं विचारून, समजून मी हो म्हटलंय.

आणखी एक कारण आहे. मागच्या वेळी सव्वा महिना तुझ्याकडे चोपड्यात मी पडून होते आणि सगळं तू केलंस. तुझा व्हिसा डिसेंबरशिवाय होत नाही. तोवर सोनूला उचलायचं, त्याला न्हाऊ घालायचं, ते ओल्या टाक्यांवर कसं जमेल?

काय ठरलंय ते सांगते. कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना. पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके सतत बघतील, कारण टाक्याला काही झालं तर बऱ्याचदा आधी ठोक्यांतच कळतं. ऑपरेशन थिएटर त्याच मजल्यावर आहे. कळा आणायचं सलाईन लावलं तर टाक्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून मी ते घेणार नाही. दिवस उलटून आठवडा गेला तर सरळ सिझर, तारीख टाकून. वेदना सोसवल्या नाहीत तर पाठीत इंजेक्शन मिळतं, त्याला मनाई नाही.

एक मागणं आहे. शेवटी सिझरच करावं लागलं तर 'तिला जमलं नाही' असं गल्लीत कुणाला म्हणू देऊ नकोस. बाळ आलं असंच सांग.

डिंकाची काळजी करू नको, बेलग्रेव्ह रोडला गुजराती दुकानांत मिळतो. तू येशील तेव्हा फक्त ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ आण, भाकरी इथंच करू. वांगी इथली पाणचट, भरताला लागत नाहीत. नानांना सांग, मुहूर्त काढायला कुणाकडे जाऊ नका.

येत्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे होतील, मग तुम्ही आमच्या साडेपाच तास पुढे. पहाटे चारला तुझी झोप मोडली तर इथं रात्रीचे साडेदहाच वाजलेले असतात. मला फोन कर. मी जागीच असते.

तुझी,
बेबी