चिऊला या उन्हाळ्यात नागपूरलाच राहू द्या

नागपूर,
रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पोरगी अजून बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आतापासून कसलं संशोधन? आधी डिग्री तर हाती येऊ दे." तिकडे विहिरीवरची मोटर सुरू होती, इकडे माझा कुकर, त्यामुळे नीट बोलणं झालंच नाही. दादाला, म्हणजे चिऊच्या वडिलांना, विचारलं तर तो म्हणतो, आई-बाबा म्हणतील तसं. म्हणून हे पत्र. फोनवर मी घाईघाईत तुमच्याकडून हो म्हणवून घेतलं असतं, ते मला नको होतं.

मागणं एवढंच आहे, की परीक्षा संपल्यावर मे आणि जून चिऊला माझ्याकडेच राहू द्या. आई, ती दर उन्हाळ्यात गावी येते, तुझ्यासोबत सरगुंडे-कुरडया करते, अंगणात तुझ्या बाजेशेजारी बाज टाकून झोपते, हे सगळं मला ठाऊक आहे. तुझा उन्हाळा तिच्याशिवाय सुना जाईल. हे मागताना मला जड जातंय, पण तरी मागते आहे.

आधी ती काय करणार ते सांगते, कारण विषय आपल्याच वावरातला आहे. आपल्या बगीच्यात ज्या झाडांच्या खोडातून डिंक वाहतो, पानं पिवळी पडतात आणि मग एकेक फांदी वाळत जाते, तो डिंक्या. त्याच्या मुळाशी फायटोप्थोरा असतो. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण शास्त्राच्या हिशेबाने तो खऱ्या बुरशीपेक्षा पाण्यातल्या शेवाळांच्या जास्त जवळचा. जमिनीत पाणी साचलं की त्याचे बारीक बीजाणू चक्क पोहत मुळांपर्यंत जातात. म्हणून तर तुम्ही नवी कलमं जंबेरीऐवजी रंगपूर लाईमच्या खुंटावरची आणलीत आणि कलमाचा डोळा जमिनीपासून वर ठेवायचा आग्रह धरलात. खोडाला दिसतं ते उशिरा दिसतं. त्याच्या कितीतरी आधी खाली तंतुमुळं सडायला लागलेली असतात. असं मूळ दोन बोटांत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात नुसता दोरा उरतो. चिऊने मला हे करून दाखवलं. पुस्तकात मी हे वर्षानुवर्षं शिकवते, पण बोटांना ते पहिल्यांदा तिच्यामुळे कळलं.

तिचा प्रश्न साधा आहे. एकाच झाडाखालची माती पावसाआधी घेतली आणि पहिले चांगले पाऊस झाल्यावर पुन्हा घेतली, तर तिच्यातल्या फायटोप्थोरात किती फरक पडतो? आणि जी झाडं वरून धडधाकट दिसतात, त्यांच्या आळ्यातही तो आधीच बसलेला असतो का? अंबिया बहाराच्या फळांसाठी पाणी सुरू असलेल्या झाडांखाली मे महिन्यातही ओल असते, म्हणून सुरुवात तिथून. मृगानंतर दुसरी फेरी. दोन्ही महिने लागतात ते यासाठी.

आता ते कसं शोधतात बघा. आळ्यातली वरची कोरडी माती बाजूला सारायची, वीतभर खालून तंतुमुळांसकट माती घ्यायची, पिशवीत भरून सावलीत ठेवायची, वाळू द्यायची नाही. प्रयोगशाळेत ती माती पेल्यात घालून वर दोन बोटं पाणी ओतायचं आणि त्यावर संत्र्याच्या कोवळ्या पानाचे छोटे तुकडे तरंगत सोडायचे. मासे धरायला गळ टाकतात तसंच हे. फायटोप्थोरा असेल तर दोन-चार दिवसांत त्याचे बीजाणू पोहत येऊन पानाची कडा धरतात. मग तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की लिंबाच्या आकाराच्या इवल्या पिशव्या दिसतात, टोकाला बोंडी असलेल्या. थंड पाणी दिलं की ती बोंडी उघडते आणि आतून बीजाणू भराभर बाहेर पडतात. बाबा, तुमच्या झाडांचा शत्रू तुम्ही आजवर पाहिलेला नाही. मी तुम्हाला तो दाखवेन.

आई, तुला आणखी एक सांगते. त्या बीजाणूंना वाढवायला जे अन्न लागतं त्यातलं एक चक्क बटाट्याचा अर्क, साखर आणि आगर शिजवून करतात. चिऊ ते ढवळताना मला तुझी आठवण येते, कारण गुठळी होऊ द्यायची नाही म्हणून ती अगदी तुझ्यासारखी भांड्यावरची नजर हलू देत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आताच कशाला? मी इतकी वर्षं कॉलेजात शिकवते, त्यावरून सांगते. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं. मुलं मागच्या बॅचचं जर्नल बघून आकडे उतरवतात, आम्ही सही करतो, जर्नल सर्टिफाय होतं. मुलं लबाड नसतात, रचनाच तशी आहे. तीन वर्षं असं काढल्यावर हुशार पोरालाही वाटायला लागतं, की विज्ञान म्हणजे कोणीतरी आधी शोधून ठेवलेल्या गोष्टी पाठ करणं. मग एमएस्सीला त्याला एकदम डिझर्टेशन, म्हणजे स्वतःचा संशोधन प्रबंध, करायला सांगतात, आणि तेव्हा प्रश्न कसा विचारायचा इथपासून सुरुवात करावी लागते. ज्याचं उत्तर वर्गात, पुस्तकात, माझ्याकडे, कोणाकडेच नाही अशा एका प्रश्नासोबत मुलांनी विशीच्या आतच राहून बघावं, असं मला मनापासून वाटतं. ते आवडलं तर वाट सापडते. नाही आवडलं तरी ते लवकर कळतं, आणि पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

दिवाळीनंतर दर शनिवारी चिऊ सरावासाठी प्रयोगशाळेत जातच होती. एकदा असं झालं, की निरोगी म्हणून ठेवलेल्या पेल्यातही त्या पिशव्या दिसल्या. खरंच माती तशी होती, की एका पेल्याचं पाणी दुसऱ्यात गेलं, हे कळायला मार्ग नव्हता. तिने वहीतलं ते पान फाडलं नाही. तारीख टाकून, जसं झालं तसं लिहिलं आणि सगळं पहिल्यापासून नव्या पेल्यांत, वेगळ्या चिमट्याने पुन्हा केलं. दुसऱ्या खेपेला निरोगी पेला कोरा निघाला. जर्नलच्या सवयीतली मुलगी पहिल्याच दिवशी आकडा "बरोबर" करून मोकळी झाली असती. मला तिचा अभिमान वाटला तो या पानाचा.

जागा तिने स्वतः मिळवली, हेही तुम्हाला कळायला हवं. मी कोणाकडे शब्द टाकला नाही. बहुतेक मुलं एकच ईमेल पन्नास जणांना पाठवतात, "आदरणीय सर, मला आपल्या प्रयोगशाळेत संधी द्यावी." त्याला उत्तर येत नाही, आणि का येत नाही ते मला समजतं. चिऊने, ती जिथे जाते त्या संस्थेतल्या मॅडमचा एक शोधनिबंध वाचला, निम्मा कळला नाही, तो माझ्याकडे बसून समजून घेतला, आणि मग अर्ध्या पानात स्वतःचा प्रश्न लिहून पाठवला. मॅडमनी बोलावलं. पहिले कित्येक शनिवार काचेच्या बशा धुणं आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने भांडी निर्जंतुक करायचं यंत्र, लावणं, एवढंच काम होतं. ती कुरकुरली नाही. संशोधनात शिरायची वाट बहुतेकांची याच मोरीवरून जाते.

हे करायला नागपूरसारखं गाव नाही, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल की पोरीला आपल्या गावाचा पुळका. पण बघा ना. लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथे 1985 साली सुरू झालं, त्याचीच आता केंद्रीय संस्था झाली आहे. अमरावती रोडवर मृद सर्वेक्षणाचं राष्ट्रीय कार्यालय, वर्धा रोडवर कापूस संशोधन संस्था आणि 1958 पासूनची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स 1906 सालची. काटोल-नरखेडच्या पोरांना संत्रा, कापूस, माती, पाणी या आपल्याच चार गोष्टींवर काम करायला घरापासून तास-दीड तासावर एवढं सगळं आहे, आणि त्यातली फार थोडी मुलं कधी त्या फाटकाच्या आत गेलेली असतात. याचं मला फार वाईट वाटतं.

बाबा, तुम्हाला सरकारी नोकरीचं वजन वाटतं, म्हणून एक सांगते. सी. व्ही. रामन 1910 च्या सुमारास आपल्या नागपुरातच सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते. पण त्यांचा पहिला शोधनिबंध 1906 साली, कॉलेजात असतानाच, लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला होता. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. चिऊ रामन होईल असं मी म्हणत नाही. विद्यार्थ्याने शोध करणं ही आजची नवी टूम नाही, एवढंच मला दाखवायचं आहे.

पैशाचं विचारलंत. या दोन महिन्यांत तिला काही मिळणार नाही. पुढच्या वर्षासाठी मात्र आम्ही तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करणार आहोत. त्यात दोन महिने देशातल्या एखाद्या संस्थेत काम, विद्यावेतन आणि जाण्यायेण्याचं भाडं मिळतं. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती असते, वर्षाला 80,000 रुपये, त्यातले 20,000 खास उन्हाळी संशोधनासाठी. चिऊचा नंबर त्यात थोडक्यात हुकला, पण सरकारही याच वयात हे करा म्हणतं आहे, हे त्यावरून दिसतं. डॉक्टरकीच्या मुलांसाठी तर आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची दोन महिन्यांची योजना 1979 पासून आहे. शिवाय नव्या चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के असले तर चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स करता येतं. तेव्हा ज्याच्या हाताला आधीच सवय आहे त्याला ते वर्ष जड जाणार नाही.

यातून नोकरी नक्की मिळेल असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. एमपीएससीच्या क्लासलाही माझा विरोध नाही. तिला करायचा असेल तर डिग्रीनंतर करू दे, फी मी भरेन. पण क्लास दरवर्षी सुरू होतात. शिकवायला तयार असलेली मॅडम, हातात आलेला प्रश्न आणि मृगाचा पाऊस यांचा असा मेळ दरवर्षी बसत नाही.

एका बाबतीत मी फार कडक आहे, तेही सांगून ठेवते. हल्ली मुलांच्या मोबाईलवर मेसेज येतात, काही हजार भरा आणि इंटर्नशिपचं सर्टिफिकेट घ्या, किंवा पैसे भरा, आठवड्यात पेपर छापून देतो. शेजारच्या मुलाने तसं सर्टिफिकेट घेतलं म्हणून कोणी तुम्हाला सांगेल. चिऊ त्या वाटेला जाणार नाही. तिचं काम छापण्याजोगं निघालं तर छापेल, नाही तर वहीत राहील. वहीत राहिलेलं कामही काम असतं.

आई, उन्हाची काळजी करू नकोस. सकाळी लवकर जायचं, माती आणायची तर सूर्य वर यायच्या आत. नवतप्यात, त्या नऊ सर्वांत कडक दिवसांत, तर बाहेरचं काम नाहीच. पेले ठेवतात त्या खोलीत एसी असतो, कारण फार उष्णतेत फायटोप्थोरा नीट वाढत नाही. संध्याकाळी सहाच्या आत मी स्वतः तिला स्कूटीवर घेऊन येते. डबा घरचाच, कैरीचं पन्हं रोज बाटलीत. आणि सरगुंडे करायला आम्ही दोघी एक रविवार येऊच.

तो रविवार खरं तर मातीसाठीही आहे. बाबा, चिऊला आपल्या बगीच्यातली माती हवी आहे, पण तुमच्या परवानगीशिवाय ती मागायला कचरते. डिंक वाहणारी पाच झाडं तुम्ही निवडा आणि त्याच ओळींतली पाच अगदी तजेलदार झाडंही. तुम्ही म्हणाल, चांगल्या झाडाखालचं कशाला खोदता? आजारी झाडाखाली तो सापडला तर नवल नाही. चांगल्या झाडाखाली तो नसेल, तेव्हाच म्हणता येईल की याच्यामुळे हे होतंय. आणि तिथेही सापडला, तर ती झाडं वाचवायला तुमच्या हातात अजून वेळ आहे. कोणत्या झाडाला कधी पहिला डिंक दिसला, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, हे तुमच्याइतकं कोणत्याही यंत्राला ठाऊक नाही. चिऊची वही त्याशिवाय अर्धीच राहील, तेव्हा तिच्यासोबत तासभर बसून ते सगळं लिहून द्या.

तोवर एक करा. खोडांना बोर्डो पेस्ट लावायची असेल तर खुशाल लावा, पण निवडलेल्या झाडांच्या आळ्यात कुठलंही औषध ओतू नका आणि आदल्या दिवशी पाणी देऊ नका. झाडांना सुतळी बांधून ठेवा, आजारी झाडांना लाल, चांगल्यांना पांढरी. घरात लाल सुतळी नसेल तर आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी चालेल. तुमचा होकार दादाला फोन करून कळवलात तरी चालेल, तो मला सांगेल.

तुमची लेक