गोत्र जरूर पाळा, पण जनुकशास्त्राच्या नावावर नको

संपादक महोदय,
स. न.

सगोत्र विवाह टाळण्यामागे ‘आपल्या पूर्वजांचं जनुकशास्त्र’ आहे, असं सांगणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. ज्यांना गोत्र पाळायचं आहे त्यांनी खुशाल पाळावं. घरची रीत आहे एवढं कारण पुरेसं आहे. पण जनुकशास्त्राला साक्षीला बोलावलं, तर त्याची उलटतपासणीही झाली पाहिजे.

लेखाचा सारा भर वाय गुणसूत्रावर आहे. ते बापाकडून मुलाकडे जातं, गोत्रही तसंच जातं, म्हणून सगोत्र लग्नांनी ते ‘कमकुवत’ होतं म्हणे. अहो, पण मुलीकडे वाय गुणसूत्र असतंच कुठे? सून भारद्वाज गोत्राची आणा नाहीतर काश्यप, नातवाच्या वायमध्ये तिचा तसूभरही वाटा नसतो.

आता जवळच्या नात्याचं गणित. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून अपत्यात येण्याची शक्यता किती, हे मोजायची रीत लोकसंख्या-आनुवंशिकीत शंभर वर्षांपासून आहे. सख्ख्या आत्ये-मामे भावंडांच्या लग्नात ती 1/16 येते. सगोत्र नवरा-बायको वीस पिढ्यांपूर्वीच्या एका जोडप्याचे वंशज असतील, तर त्या वाटेने ती साधारण लाख कोटीत एक. गंमत अशी की गोत्राचा नियम हे दुसरं लग्न अडवतो आणि पहिलं सोडून देतो, कारण मामाच्या मुलीचं गोत्र मामाचं, म्हणजे बहुधा आपल्याहून वेगळंच! सपिंडाचा, म्हणजे जवळच्या रक्तनात्यात लग्न नको असा नियम आड येतो खरा, पण देशाचार म्हणून आपल्याकडे तो कितीदा गुंडाळून ठेवला गेला हे कुणाला ठाऊक नाही? धर्मसूत्रकार बौधायनानं मामाच्या मुलीशी लग्न ही दक्षिणेकडची चाल म्हणून नोंदवली आहे. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनीही महाराष्ट्रातल्या मामेबहिणीच्या पसंतीबद्दल 1953च्या आपल्या ग्रंथात लिहिलं आहे. लेखकाने तो चाळला असता तरी पुरे होतं.

अर्थात वरचं गणित फक्त त्या एका वाटेचं. एकाच जातीतले दोघे इतर शंभर वाटांनी एकमेकांचे नातलग असतात, आणि खरी मेख तिथेच आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार साधारण 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात उपखंडातले लोकसमूह एकमेकांत भरपूर मिसळले. पुढे बेटीव्यवहार जातीच्या कुंपणाआड गेला. मिश्र वाटाण्यांच्या पोत्यातून मूठभर दाणे घेऊन पुढचं सगळं पीक त्यावरच काढलं, तर पोत्यात क्वचितच सापडणारा काळा वाटाणा त्या शेतात जागोजागी दिसू लागतो. तो चांगला म्हणून वाढत नाही, निव्वळ योगायोगाने वाढतो; मूठभर पूर्वजांपासून वाढलेल्या समूहात दुर्मिळ जनुकाचंही तसंच होतं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या गटानं 2017मध्ये दक्षिण आशियातले 260हून अधिक समूह तपासले. त्यांतल्या 81 समूहांत असा ‘मूठभरांचा’ ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाला. तेलुगू भाषक वैश्य समाजातल्या काहींना शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणारं एक औषध दिलं की त्याचा अंमल लवकर उतरत नाही, श्वास परत यायला फार वेळ लागतो. ते औषध मोडणारं विकरच (एन्झाइम) त्यांच्यात कमी असतं. या सगळ्यात गोत्राचा संबंध शून्य. गोत्र बदललं तरी मूठ तीच!

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची गोष्ट निराळी. नंदुरबार, गडचिरोली, विदर्भ इथे तो योगायोगाने टिकलेला नाही. जनुकाची एकच सदोष प्रत असलेल्या वाहकाला मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून नैसर्गिक निवडीनेच ते जनुक राखलं. दोन्ही प्रती सदोष असलेल्या मुलांनी त्याची किंमत मोजली. याला कुणी ‘वाईट रक्त’ म्हणू नये.

जातीबाहेर लग्न केलं की सगळे आजार टळले, असंही मी म्हणत नाही. सिकलसेलचा वाहक आणि बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराची वाहक भिन्न समाजांतले असले, तरी त्यांच्या मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून तपासणी हवी.

आपल्या पुण्यातल्या कुठल्याही वधू-वर मेळाव्याचा अर्ज पाहा: गोत्र, गण, नाडी, रास, देवक, उंची, रक्तगट, ‘पत्रिका पाहणे – होय/नाही’. रक्तगटाचं तर भलतंच खूळ आहे. दोघांचा गट एकच असला तर काहीही बिघडत नाही. बायको आरएच निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात काळजी घ्यावी लागते आणि त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे. ज्या तपासणीमुळे खरोखर फरक पडतो ती, म्हणजे असे वाहक ओळखणारी हिमोग्लोबिनची एचपीएलसी चाचणी, त्या अर्जात दिसत नाही. साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते, आयुष्यात बहुधा एकदाच करावी लागते. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. हे लग्नाआधी कळलं तर पुढचा निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतो.

आपल्या दैनिकाच्या विवाहविषयक जाहिरातींच्या नमुन्यात ‘गोत्र’ची जागा काढा असा माझा आग्रह नाही. ‘रक्तगट’च्या खाली ‘एचपीएलसी चाचणी झाली आहे/नाही’ एवढी एक ओळ वाढवावी आणि जमल्यास तिचे पैसे जाहिरातदाराकडून घेऊ नयेत.

– जीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, कोथरूड, पुणे