मुख्याध्यापक घडवण्यासाठी एक वर्ष आधी सुरुवात हवी

महोदय,

शाळेच्या गुणवत्तेविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु ती टिकवून धरणाऱ्या मुख्याध्यापकाच्या तयारीकडे फारसे लक्ष जात नाही. खासगी अनुदानित शाळांत 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार हे पद सेवाज्येष्ठतेने मिळते आणि निवृत्तीचे वय 58 आहे. ज्येष्ठतेमुळे वशिल्याला आळा बसतो, म्हणून ती मोडावी असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र या दोन तरतुदींमुळे अनेकांच्या वाट्याला मुख्याध्यापक म्हणून जेमतेम वर्ष-दोन वर्षेच येतात. दुसरीकडे, शिक्षण हक्क कायद्याखालील केंद्राच्या 2010 च्या नियमांत शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा धरलेला आहे.

माझी मुलगी घणसोली परिसरातील ज्या शाळेत शिकते, तेथे पूर्वीच्या मुख्याध्यापिका दर शनिवारी वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी शिक्षकांची बैठक घेत. त्या निवृत्त झाल्या आणि बैठक बंद पडली. नव्या मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे कपाटांच्या किल्ल्या, शिक्के, जडसंग्रह नोंदवही (शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंद) असे सारे रीतसर सोपवले गेले. पण कोणत्या मुलाबाबत काय ठरले होते, कोणता शिक्षक कोणत्या कामात तरबेज आहे, हे सांगण्याची सोयच नव्हती. शिवाय यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीत भरायची माहिती, पोषण आहाराचा हिशेब आणि संचमान्यतेची, म्हणजे पटसंख्येनुसार शिक्षकांची पदे मंजूर करून घेण्याची, कागदपत्रे यांतून वर्गात डोकावायला त्यांना वेळ मिळत नाही, हे पालकांनाही दिसते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान 50 तासांचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. त्यातील नेतृत्वाचा भाग पद मिळण्याच्या आधीच्या वर्षी द्यायला हवा. पुढे ज्यांची पाळी येणार, ते शिक्षक सहसा सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्या तासिका थोड्या कमी करून त्यांना वर्गनिरीक्षण, वेळापत्रक आणि पालकसभा यांत मुख्याध्यापकांसोबत बसवावे. पर्यवेक्षकांकडेही केवळ शिस्त आणि परीक्षा न सोपवता एखाद्या विषयाच्या अध्यापनाची पूर्ण जबाबदारी द्यावी, म्हणजे सारा भार एकाच व्यक्तीवर राहणार नाही.

यासाठी नवे पद निर्माण करावे लागत नाही. निवृत्तीच्या तारखा सेवापुस्तकातून कळतात. ठाणे जिल्ह्याच्या माध्यमिक शिक्षण विभागाने पुढील वर्षी मुख्याध्यापक निवृत्त होत असलेल्या शाळांची यादी करून, येत्या जूनपासून तेथे ही पद्धत सुरू करावी, अशी विनंती आहे.

— एक पालक, घणसोली, नवी मुंबई